टॅब हाती आला, पुढे काय?

वाशीम हा जिल्हा अकोल्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. वीस वर्षांनी, २०१८ साली, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत वाशीमही होता. सोयाबीनच्या एका हंगामावर वर्षाचे गणित बांधणाऱ्या येथील घरात टॅबलेट संगणक येतो, तेव्हा पुण्या-मुंबईच्या घरापेक्षा त्याचा अर्थ निराळा असतो.

नागपूरची महाज्योती, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व एमएच-सीईटीच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी मोफत टॅब आणि प्रतिदिन ६ जीबी डेटा देत आली आहे. अकोला, लातूर वा कोटा येथे राहून शिकवणी लावणे मानोरा तालुक्यातील तांड्यावरच्या किती पालकांना झेपणार? त्यांच्यासाठी उच्च शिक्षणाचे दार याच पडद्यातून किलकिले होते. म्हणून या योजनेस केवळ फुकटवाटप म्हणून हिणविणे आम्हांस मान्य नाही.

तथापि वाटपाच्या दिवशीच्या छायाचित्रांनी समाधान मानावे, असा आपला पूर्वानुभव नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण केले. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांस पडत होता आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस त्याच्या निम्म्या किमतीत मिळणार होता. कल्पना उदात्त होती. प्रत्यक्षात मात्र ३६६ मेगाहर्ट्झचा मंद प्रोसेसर आणि बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यांनी विद्यार्थ्यांचा हिरमोड केला. पुढे काम मुंबईच्या आयआयटीकडे आले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारित ‘आकाश-२’ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सादर झाला; यंत्र पुष्कळ सुधारले, तरी काही वर्षांतच ही योजना गुंडाळली गेली.

आकाश गेला, पण त्याच आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प टिकला, याची चर्चा फारशी होत नाही. मुक्त सॉफ्टवेअर शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतात. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात आणि ऐकत ऐकत स्वतः करून पाहावे अशीच त्यांची रचना आहे. यंत्र दोन-चार वर्षांत जुने होते. मातृभाषेत नीट रचलेला पाठ मात्र नव्या यंत्रावरही चालतो. निधीची वाटणी करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पेरू देशाचे उदाहरणही येथे उद्बोधक आहे. तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांत मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्यात आले. ३१९ शाळांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला: गणित व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. ही मुले लहान होती हे खरे, आणि तर्कबुद्धीच्या चाचण्यांत त्यांची थोडी प्रगतीही दिसली. पण शिकविण्याची रीत न बदलता यंत्र तेवढे दिल्याचे फळ काय, हे त्यातून कळते.

वाशीमच्या महाविद्यालयांपुढे आज प्रश्न आणखी निकडीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरून मिळविता येतात. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा २० टक्के होती. तेथील बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. रिसोड वा मंगरुळपीरची कला शाखेतील विद्यार्थिनी, जिच्या घरी एकच मोबाइल असून तोही दिवसभर वडिलांसोबत शेतावर असतो, ती हे श्रेयांक कसे मिळविणार? तिला टॅब हवाच. पण ग्रंथालयातून पुस्तकाप्रमाणे तो घरी नेण्याची सोय, चार्जिंगची जागा, आणि पाहिलेल्या पाठातील अडचण मराठीत सोडवून देणारा प्राध्यापक, हेही तिला हवे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी थोड्या खर्चात होतील. तिसरीसाठी रिक्त पदे भरावी लागतील आणि वेळापत्रकात त्या शंकांसाठी एक तास राखून ठेवावा लागेल. आपली मुले ज्या महाविद्यालयात शिकतात, तेथे असा तास आहे काय, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावे.