पगार रुपयांत गुणू नका, तास मोजा

भारतात फोन केला की प्रश्न ठरलेला, "तिकडे पगार किती?" आकडा सांगितला की समोरचा लगेच रुपयांत गुणाकार करून मोकळा! घरभाडं, इन्शुरन्स, पाळणाघर हेही डॉलरमध्येच द्यावं लागतं, ते त्या गुणाकारात नसतं.

आता तासांचं बघा. इथे अमेरिकेत ताशी पगारावर काम करणाऱ्याला आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट ओव्हरटाइम. भारतातल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात मर्यादा ४८ तासांची, पण ओव्हरटाइम दुप्पट. शिवाय भरपगारी रजा, जी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात अजूनही नाही. म्हणजे कागदावर आपण मागे नव्हतोच. फरक आहे तो कायदा किती जणांपर्यंत पोचतो यात. इथे दुकानात काम करणाऱ्या पोराचेही तास नोंदवले जातात. आपल्याकडे बहुतेक माणसं असंघटित क्षेत्रात. त्यांचे तास मोजतो कोण?

निदान आपण तरी मोजूया. गावी आई-बाबांची काळजी घेणाऱ्या मावशींचे पैसे आपल्यापैकी कितीतरी जण इथून पाठवतात. त्यांना आठवड्याची सुट्टी असते का? नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० मध्ये. मावशींचा रविवार अजून यायचाय. बदली बाईचा एका दिवसाचा खर्च आपल्या इथल्या एक-दोन तासांच्या कमाईत निघतो. पुढच्या फोनवर तेवढं ठरवून टाका.