मुहूर्त टळल्यानंतर

परळीच्या वैजनाथाशी जिचा विवाह ठरला, जिचे वऱ्हाड वाजतगाजत निघाले, आणि वाटेत मुहूर्त टळल्यामुळे जी अंबाजोगाईतच कुमारिका म्हणून राहिली, त्या योगेश्वरीची कथा बीड जिल्ह्यात घरोघर ठाऊक आहे. गावाजवळच्या हत्तीखाना लेण्यातील पाषाणाचे हत्ती म्हणजे त्या फसलेल्या लग्नाचे दगड झालेले वऱ्हाडच होय, असे तेथील माणसे आजही सांगतात. परळी तेथून अवघी सात-आठ कोस. देवी त्या वाटेने पुढे गेली नाही.

याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळी उरकताच लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजूर जमवणारा मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटे माणूस हिशेबाच्या वहीत 'अर्धा कोयता' ठरते. नवऱ्याने टाकलेली, काडीमोड झालेली किंवा वैधव्य आलेली स्त्री हा शब्द प्रथम मजुरीच्या हिशेबात ऐकते आणि हळूहळू आपल्या जिवाचे मोजमापही त्याच मापाने करू लागते. अशा स्त्रीने देवाची कास धरली, तर तिच्याविषयी दोन पक्ष हमखास बोलतात, आणि मला ते दोन्ही अमान्य आहेत.

पहिला पक्ष बुद्धिवाद्यांचा. त्यांच्या मते ही भक्ती म्हणजे वंचित वासनेने शोधलेली पळवाट. हाडामांसाचा नवरा गेला म्हणून मूर्तीला नवरा मानायचे, आणि त्या भ्रमाला शांती म्हणायचे. या आक्षेपात एक सत्यांश आहे आणि तो प्रांजळपणे कबूल केला पाहिजे: देव भाकरी थापून देत नाही, लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर सही करीत नाही, आणि रात्री दाटून येणारा हुंदका एका आरतीने कायमचा विरत नाही. परंतु एवढ्यावरून भक्ती म्हणजे उपाशी मनाचे स्वप्नरंजन असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी महदाइसेचा विचार करावा. ही तेराव्या शतकातील महानुभाव पंथाची बालविधवा, मराठीची आद्य कवयित्री म्हणून गणली जाणारी. ज्या काळी विधवेची सावलीही लग्नमंडपात अशुभ मानली जाई, त्या काळी ऋद्धिपूरला पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांच्या इच्छेवरून तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले. तिचे मन केवळ अतृप्त असते, तर तिने आपल्याच लग्नाचे स्वप्न गायिले असते. तिने गायिला तो दुसरीच्या लग्नाचा सोहळा. जिचे अंतःकरण रिते असते, तिला परक्या मंडपातील अक्षताही बोचतात. हिला त्या बोचल्या नाहीत. हिने त्यांचे गाणे केले. पळवाटेने गेलेले मन इतके उदार होऊन परत येत नाही.

दुसरा पक्ष धार्मिकांचा, आणि तो मला अधिक घातक वाटतो, कारण तो गोड बोलतो. 'नशिबाचे भोग आहेत बाई, देवाचे नाव घे, कज्जेदलालीत पडू नकोस, कोर्टाची पायरी चढू नकोस,' असा उपदेश करणारी ही मंडळी देवालाच मुकादम करून टाकतात: दुःख ही पूर्वजन्मीची उचल, आणि निमूट सोसणे ही तिची फेड. पोटगी मागण्याचा हक्क असताना, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सामाईक घरात राहण्याचाही अधिकार दिला असताना, भक्तीच्या नावाने फिर्याद मागे घ्यायला लावणे हा ईश्वराच्या नावावर केलेला खोटा दस्तऐवज आहे. संत बहिणाबाईंचे चरित्र या मंडळींनी सोयीने विसरू नये. कर्मठ पतीने मारझोड केली, तरी जातीने शूद्र गणल्या गेलेल्या तुकोबांना गुरू मानण्याचे त्यांनी सोडले नाही. भक्ती म्हणजे मान तुकवणे असते, तर त्यांनी प्रथम पतीपुढे तुकवली असती.

मग या भक्तीने साधते काय? माझे म्हणणे असे की, नाते तुटते तेव्हा प्रेम मिळण्याची जागा जाते, हे दुःख सर्वांना दिसते. पण त्याहून खोलवर प्रेम देण्याची जागा जाते, आणि ते दुःख कोणाला दिसत नाही. कोणाची वाट पाहावी, कोणासाठी ताट झाकून ठेवावे, कोणाच्या दुखण्याने आपण जागे राहावे, या प्रश्नांना उत्तर उरले नाही की मन आंबते, आणि पुढे ते स्वतःलाही नकोसे होते. पुरुषांचेही असेच होते. ते बोलत नाहीत एवढेच. माणसामाणसांतील प्रेमाला, ते कितीही निर्मळ असले तरी, परतफेडीची अपेक्षा आणि वियोगाचे भय चिकटलेले असते. ईश्वरावरील प्रेमात ही देण्याची शक्ती कोणी नाकारीत नाही, कोणी तिची मोजदाद करीत नाही, आणि ती घेणारा सोडून जात नाही. म्हणून ती जिवंत राहते, आणि जिवंत राहिली म्हणजे आपोआप लेकराकडे, शेजारणीकडे, एखाद्या अनोळखी दुखणाइताकडे वळते. बरे होणे म्हणतात ते याला. गेलेला माणूस यात परत मिळत नाही, त्याची जागाही भरून निघत नाही; खोटा ठरतो तो आपण अर्धे आहोत हा हिशेब. आणि ज्याला हा हिशेब खोटा वाटू लागला, तो पोटगीचा अर्जही सूडाने जळत न बसता, हक्काने आणि ताठ मानेने करतो.

म्हणूनच भक्तीची कसोटी देवळात किती वेळ गेला ही नसून, देवळातून बाहेर पडलेले माणूस किती निर्भय आणि किती मायाळू झाले, ही आहे.

मार्गशीर्षातील पौर्णिमेला योगेश्वरीची यात्रा भरते, तेव्हा जिल्ह्यातील कोयते दूर उसाच्या फडात असतात, आणि गावी उरतात ती म्हातारी, लेकरे आणि अर्धे कोयते. एरवी वर्षभर, ज्यांची ही कुलस्वामिनी आहे अशा कोकणातल्या घराण्यांतील नवी जोडपी शेकडो मैलांवरून येऊन हिची ओटी भरतात आणि आपला संसार टिकावा म्हणून हिच्यापुढे हात जोडतात. संसाराचे दान मागायला माणसे जिच्या दारी येतात, तिचे स्वतःचे लग्न वाटेतच मोडले होते. आणि त्या रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही ती अपुरी वाटत नाही.