ताटातले मांस आणि शेतातले सोयाबीन

पुसेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सातारा जिल्ह्यातील, सेवागिरी महाराजांचे पुसेगाव उभे राहते. येथे अभिप्रेत आहे ते मराठवाड्यातले, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले पुसेगाव. या परिसरात खरिपात नजर टाकावी तिकडे सोयाबीन दिसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी होते, पोती बाजार समितीच्या वाटेला लागतात आणि हाती आलेल्या पैशांतून शेतकरी घरचा किराणा भरतो. त्या किराण्याच्या पिशवीत काय असते, हे एकदा पाहण्यासारखे आहे. सोयाबीन तेलाचा पुडा असतो, तूरडाळ असते आणि पुष्कळदा सोयावड्यांचे पाकीटही असते. सकाळी जे विकले, त्याचेच दोन पदार्थ विकत घेऊन तो संध्याकाळी घरी परततो. विकताना भाव दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि घेतानाही दुसऱ्यानेच.

हे सांगण्याचे कारण, गेली काही वर्षे महानगरांतून रंगलेली एक चर्चा. खरे मांस खावे की वनस्पतींपासून बनवलेले ‘मांस’ खावे, अशी ती चर्चा आहे. सोयाबीन किंवा वाटाण्यातील प्रथिने वेगळी काढायची, उष्णता आणि दाब देऊन त्यांना मांसासारखे तंतू आणायचे, त्यात रंग, चव आणि वास भरायचा आणि ‘खिमा’, ‘नगेट’, ‘सीख कबाब’ अशा नावांनी, पुष्कळदा गोठवलेल्या पाकिटांतून ते विकायचे, असा हा उद्योग आहे. उदयपूरच्या ‘गुडडॉट’ने २०१६च्या सुमारास यात पाऊल टाकले. लातूरच्या बाभळगावचे सुपुत्र, अभिनेते रितेश देशमुख आणि त्यांच्या पत्नी जिनिलिया यांनी २०२१ मध्ये ‘इमॅजिन मीट्स’ सुरू केली. प्राण्यांविषयी करुणा आणि पर्यावरणाची चिंता ही त्यामागची भूमिका प्रामाणिक आहे, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतू चांगला असला तरी हिशेब तपासावाच लागतो.

या उद्योगाचे माहेरघर अमेरिका. तेथील ‘बियाँड मीट’ या कंपनीचा समभाग २०१९च्या मे महिन्यात २५ डॉलरला बाजारात आला आणि तीनच महिन्यांत २०० डॉलरच्या पलीकडे गेला. मांसाहाराचे युग संपले, अशी भाकिते त्या वेळी झाली. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये तोच समभाग एका डॉलरच्याही खाली उतरला. लोकांनी कुतूहलाने पाकीट एकदा घेतले, पण दर आठवड्याला ते घेतले नाही. किंमत मांसाहून अधिक, चव मांसाहून कमी आणि घटकांची यादी लांबलचक. मग गृहिणीने ते का घ्यावे? आपल्याकडेही ही पाकिटे किलोच्या हिशेबाने पुष्कळदा मटणाच्या पंक्तीत जाऊन बसतात. त्यांतल्या पुष्कळांना गोठवणारा फ्रीज लागतो आणि अखंड वीज लागते. पुसेगावच्या किराणा दुकानात ही चैन परवडणार कशी?

बरे, मांसाची नक्कल ही कल्पना तरी आपल्याला नवी आहे काय? जुन्नर आणि पुणे भागातील मासवडी पाहा. नावात मासा, आकार मासळीच्या तुकडीचा आणि आत बेसन, तीळ, खोबरे, लसूण. विदर्भ-मराठवाड्यातला पाटवडीचा झणझणीत रस्सा पाहा. काळा मसाला तोच, तर्री तीच, फक्त फोडींच्या जागी बेसनाच्या वड्या. ज्या घरात आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि नातवाला रविवारी मटण हवे आहे, अशी घरे मराठवाड्यात गावोगावी आहेत. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे नर्सी याच हिंगोली जिल्ह्यात आहे. माळकऱ्यांची परंपरा येथे पुस्तकातली नाही, घरातली आहे. अशा घरातल्या माउलीने वाटण एकदाच केले आणि दोन भांडी वेगळी ठेवून दोघांचीही जेवणे प्रेमाने वाढली. तिने आजोबांना नातवाविरुद्ध उभे केले नाही. आज ‘खरे मांस विरुद्ध नकली मांस’ असा सामना लावणाऱ्यांना या घराची ओळख नाही.

येथे आपल्या कार्यकर्त्यांनाही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. माळ स्वेच्छेने घातली जाते. कोणत्याही संस्थानिकाच्या वा पालिकेच्या फर्मानाने ती घातली गेली नाही, म्हणूनच ती शतकानुशतके टिकली. २०२५ मध्ये स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या आदेशावरून मोठा वाद झाला. त्या वादात दोन्ही बाजूंनी आवाज चढले. पण त्यातून एक तरी मनुष्य शाकाहारी झाला असेल काय? आपला समाज मोठ्या प्रमाणावर मिश्राहारी आहे. धनगर, कोळी, वनवासी आणि कितीतरी कष्टकरी बांधव मांस खातात आणि तेही आपलेच आहेत. शाकाहाराचे संस्कार आदराने आणि आचरणाने पसरतात. हुकमाने पसरतो तो केवळ दुरावा.

मग महागाईच्या काळात कुटुंबाने करावे काय? भावनेपेक्षा आधी गणित मांडू. १०० ग्रॅम कोरड्या सोयावडीत सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत ती २२ ग्रॅमच्या आसपास, तर चिकन-मटणात सर्वसाधारणपणे १८ ते २० ग्रॅम. वडीचा दर किलोला १५० रुपये, तूरडाळीचा १३०, चिकनचा २५० आणि मटणाचा ७५० धरला, तर शंभर रुपयांत वडीतून जवळजवळ ३४५ ग्रॅम, डाळीतून १७० ग्रॅम, चिकनमधून ८० ग्रॅम आणि मटणातून जेमतेम २५ ग्रॅम प्रथिने मिळतात. गावोगावी दरांत फरक पडेल, पण क्रम बदलणार नाही. मटण तर आता सणासुदीचा पदार्थ झाले आहे. २०१९च्या अखेरीस कोल्हापूरसारख्या खवय्यांच्या नगरीत मटणाच्या दरासाठी लोकांना आंदोलन करावे लागले, यातच सारे आले.

हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, मांस आणि अंड्यांतून मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व सोयाबीनमध्ये नाही. दूध-दह्याची जोड शाकाहारी ताटाला हवीच, आणि ज्या गरीब घरात अंडे चालते तेथे मुलाच्या ताटातून ते काढून घेण्याचा आग्रह कोणी धरू नये. आणखी एक सावधगिरी म्हणजे सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. नीट शिजवल्याने वा भाजल्याने तो दोष बराच कमी होतो.

सोयाबीन हे मानवी अन्न आहे, याची जाणीव आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीच झाली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ मध्ये महात्मा गांधींनी सोयाबीनचे प्रयोग आरंभले आणि त्याविषयी ‘हरिजन’मधून लिहिले. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळात एफ. एस. काळे या मराठी अधिकाऱ्याने १९३६ मध्ये सोयाबीनवर इंग्रजीत एक सविस्तर ग्रंथच प्रसिद्ध केला. गरिबाला स्वस्तात पोषण मिळावे, हा त्या खटाटोपाचा हेतू होता. पुढे साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांतून पिवळ्या सोयाबीनचा प्रसार झाला, परभणीच्या कृषी विद्यापीठाने मराठवाड्याला मानवणारी वाणे दिली आणि पीक फोफावले. पण ते गेले कोठे? गरिबाच्या ताटात नव्हे, तर तेलाच्या कारखान्यात.

सोयाबीनमध्ये तेल निघते साधारण १८ ते २० टक्के. उरते ती पेंड, आणि खरी प्रथिने आहेत ती या पेंडेत. तिचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो, काही परदेशी जाते आणि माणसाच्या वाट्याला वडी वा पीठ होऊन येतो तो अगदी लहान हिस्सा. याचाच अर्थ असा की, शहरातल्या हॉटेलातील चिकनच्या थाळीतही मराठवाड्याचे सोयाबीन असते. ‘सोयाबीन विरुद्ध मांस’ हा सामना त्यामुळे मुळातच खोटा आहे. दोन्ही ताटांना पुरवठा करणारा शेतकरी एकच आणि दोन्ही ताटांच्या हिशेबात तोटा सोसणाराही तोच.

२०२१चा ऑगस्ट आठवावा. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या शेतकऱ्याला प्रथमच चार पैसे दिसू लागले होते. तोच कोंबडीपालन उद्योगाने खाद्य महागल्याची ओरड केली आणि केंद्र सरकारने जनुकबदल सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आले. भारतीय किसान संघ आणि स्वदेशी जागरण मंच जनुकबदल पिकांना सातत्याने विरोध करीत आले आहेत. मग जे बियाणे आपल्या रानात नको, त्याची पेंड मात्र बंदरातून चालते, हे कोणत्या न्यायाने? सरकार आपल्या विचाराचे असले तरी हा प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्यच ठरते. आपुलकीच्या माणसाने चूक दाखवली नाही, तर ती परक्याने दाखवायची काय?

त्यानंतरची कहाणी ताजी आहे. २०२४च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत व्यवहार त्याच्या कितीतरी खाली झाले. २०२५-२६साठी हमीभाव ५,३२८ रुपये झाला. पण सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके पाण्यात गेली आणि वाचलेल्या मालालाही ऑक्टोबरच्या बाजारात हमीभावाइतका दर मिळाला नाही. खाद्यतेलाच्या आयातशुल्काची गोष्ट हीच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क २० टक्के केले आणि मे २०२५च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. शहरी ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे, हे खरेच. पण त्या स्वस्ताईचे बिल प्रत्येक वेळी शेतकऱ्यानेच का भरावे?

दोष केवळ सरकारचा नाही. सोयाबीनच्या नादात आपण रानातला मूग, उडीद आणि ज्वारी हद्दपार केली. पूर्वी एका शेतातून ज्वारी, तूर, मूग, तीळ, अंबाडी असे घर भरत असे. आज शेतकरीच डाळीचा गिऱ्हाईक झाला आहे. २०२४च्या उन्हाळ्यात तूरडाळ किलोला दीडशेच्या वर गेली, तेव्हा तिची झळ मुंबईकराइतकीच पुसेगावकरालाही बसली. हे परावलंबन कायद्याने लादलेले नव्हते. ते हळूहळू अंगवळणी पडले.

उपाय आपल्या आवाक्यातले आहेत. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी, ही आंतरपीक पद्धत मराठवाड्याला नवी नाही. पाऊण एकर रान घरच्या मुगा-उडदासाठी राखले, तर किराण्याच्या यादीतून एक ओळ कमी होते. तेल काढण्याचा मोठा कारखाना गावात उभा राहणार नाही, हे मान्य. पण उकडून वाळवलेल्या सोयाबीनचे पीठ, भाजलेले दाणे, सोयादूध आणि पनीर हे उद्योग बचत गटाच्या आणि शेतकरी उत्पादक कंपनीच्या कुवतीतले आहेत. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था याचेच प्रशिक्षण देते. याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला संशोधन केंद्र मिळाले, भौगोलिक मानांकनही मिळाले. मग सोयाबीनने पोत्यातून थेट ट्रकमध्येच का जावे?

संघाच्या शताब्दीनिमित्त पंच परिवर्तनाचा विषय घरोघरी पोहोचला आहे. त्यातील कुटुंब प्रबोधन आणि स्वदेशी हे दोन मुद्दे स्वयंपाकघरातच एकत्र येतात. आठवड्यातून एकदा पाटवडी वा सोयावडीचा रस्सा, गव्हाच्या नऊ किलो दळणात एक किलो प्रक्रिया केलेले सोयाबीन, शहरातल्या वसाहतीने मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकरी गटाकडून थेट घेतलेली वर्षाची डाळ, इतके तरी आपण करू शकतो. शेजारी काय खातो यावर पहारा ठेवण्यापेक्षा आपल्या ताटातले अन्न कोणाच्या रानातून आले आणि त्याला त्याचे काय मिळाले, हे विचारण्याची सवय लावून घेऊ या.

पुसेगावच्या शेतकऱ्याला नकली मटणाच्या चर्चेशी कर्तव्य नाही. पोते विकून परतताना पिशवीतले तेल, डाळ आणि वडी यांपैकी एक तरी वस्तू त्याच्या गावात तयार झालेली असावी आणि तिचा भाव त्याने ठरवलेला असावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे. ती पुरी होईल त्या दिवशी ताटात वडी की मटण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि संस्काराचा प्रश्न उरेल आणि तो तसाच असणे योग्य आहे.