न बोलणारी जाहिरात

बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, असे आपल्याकडे म्हणतात. बाजाराचे सारे शास्त्र या एका म्हणीत आले आहे. माल कितीही चांगला असो, तो आहे हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. जुन्या काळी गावात दवंडी पिटली जाई, भाजीवाली दारावरून आरोळी देत जाई. अंध माणसाला ती दवंडी ऐकू येई आणि ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ती समजे. ज्याला ऐकू येत नसे त्याच्यासाठी दुकानावरची रंगीत पाटी होती. हे कोणी ठरवून केले नव्हते; पण बाजाराला तोंडही होते आणि चेहराही होता.

आज जाहिरात मोबाइलच्या पडद्यावर आली आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम यांवरून ती क्षणात हजारो घरांत पोचते. ही प्रगती कोण नाकारील? तथापि या प्रगतीत एक चमत्कारिक गोष्ट घडली आहे. ज्यांना जाहिरात कानांनी ऐकायची आहे त्यांच्यापुरती ती मुकी झाली, आणि ज्यांना ती डोळ्यांनी वाचायची आहे त्यांच्यापुढे नुसतीच ओठ हलवू लागली.

अंध व्यक्ती मोबाइल कसा वापरते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. पडदा वाचून दाखवण्याची सोय फोनमध्येच असते. अँड्रॉइडमध्ये तिला ‘टॉकबॅक’ म्हणतात, आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य कार्यक्रम आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने तो २००६ साली सुरू केला. पडद्यावर बोट फिरवावे तशी अक्षरे बोलू लागतात, मराठीतही बोलतात. परंतु ही यंत्रणा अक्षरे वाचते. अक्षरांचे चित्र तिला अक्षरांसारखे वाचता येत नाही. अलीकडे काही फोन चित्रातली अक्षरे ओळखू लागले आहेत, हे खरे. पण रंगीबेरंगी पार्श्वभूमीवरची वळणदार देवनागरी ओळखताना त्यांची गफलत होते, आणि भावातला एक आकडा किंवा तारखेतला एक अंक चुकला, तर न वाचलेले बरे असे म्हणायची पाळी येते.

उदाहरण माझ्या गावाचेच घ्या. माझे गाव बऱ्हाणपूर. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी खानदेशाशी त्याचे नाते जुने. फारुकी सुलतानांची ती राजधानी होती. आज तेथे यंत्रमागांची खडखड आहे, केळीचा मोठा व्यापार आहे आणि काळसर तपकिरी, जाडजूड मावा जिलबी आहे. बऱ्हाणपूरच्या केळी-लिलावाच्या भावाकडे रावेर-यावलच्या शेतकऱ्याचेही लक्ष असते. पूर्वी भाव तोंडोतोंडी कळे. आता तो फोनवर येतो, आणि अनेकदा चित्रावर छापून येतो : वर देवाची तसबीर, खाली केळीचा घड, मध्ये आकडे. जिलबीच्या दुकानाची जाहिरात असो की कापडाच्या सेलची, तऱ्हा तीच. डोळसाला सारे एका नजरेत कळते. अंध शेतकऱ्याचा फोन मात्र ‘चित्र’ एवढा एकच शब्द उच्चारतो आणि गप्प बसतो. जणू डोळे नसलेला माणूस शेती करीत नाही, कापड घेत नाही आणि जिलबीही खात नाही!

मिठाईची जाहिरात हुकली तर फार तर जिलबी हुकेल. पण महाविद्यालयाच्या प्रवेशाची जाहिरात? शिष्यवृत्तीची शेवटची तारीख? नोकरीची सूचना? याही आज चित्र होऊनच गटागटांतून फिरतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. जागा राखीव, आणि प्रवेशाची बातमी मात्र बंद पाकिटात! मग जागा रिकाम्या राहिल्या की आपण म्हणायला मोकळे, की अर्जच आले नाहीत.

केवळ अंधांचाच हा प्रश्न नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापुढे चलचित्रातला माणूस हातवारे करीत राहतो. तो काय विकतो आहे, कितीला विकतो आहे, हे खाली दोन ओळी लिहिल्या असत्या तर कळले असते. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक ओळखता येत नाही त्यांच्यासाठी ‘हिरवे बटण दाबा’ ही सूचना निरुपयोगी आहे. ज्यांचा हात थरथरतो त्यांना तांदळाएवढे बटण दाबता येत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या जागतिक संस्थेने १९९९ सालापासून यासाठी मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक असे प्रमाण असावे. पडद्यावरचा कोणताही भाग सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखू नये, कारण त्याने अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो. आपल्या दिवाळीच्या जाहिराती या दोन कसोट्यांवर घासून पाहाव्यात. पिवळ्यावर पांढरी अक्षरे आणि भोवती लखलखाट. किती जाहिराती टिकतील?

आपल्या लिप्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि ती इंग्रजीतून लिहिणाऱ्यांना सहसा जाणवत नाही. मराठीतले श्रीलिपीचे किंवा कानडीतले नुडीचे जुने, युनिकोडपूर्व टंक वापरून जो मजकूर तयार होतो, तो केवळ दिसायला मराठी किंवा कानडी असतो. संगणकाच्या पोटात तेथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. टंक त्यांच्यावर फक्त मुखवटा चढवतो. वाचक यंत्रणा मुखवटा पाहत नाही, पोटातले वाचते. परिणामी सुंदर मराठी मजकुराच्या जागी अंध वाचकाच्या कानी निव्वळ अगडबंब निरर्थकता पडते. युनिकोड आले त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी जाहिराती आणि नियतकालिके करणाऱ्या कित्येक छपाईघरांत जुनेच टंक चालू आहेत.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला आक्षेप : असे गिऱ्हाईक असते तरी किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. त्यांच्यात मोतीबिंदूने अंधूक दिसणारे आपले आजोबा आणि कमी ऐकू येणाऱ्या आजी मिळवा. मग हिशेब करा. शिवाय दुकानाच्या दाराशी कोणी किती आले हे मोजून मगच दार उघडायचे, असा व्यापार कोणी केला आहे काय? दार बंद म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून दार बंद, असे हे चक्र आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. वस्तुतः चित्राखाली चार ओळी टंकित करायला पैसा लागत नाही. व्हॉट्सॲपवर चित्रासोबत मजकूर लिहिता येतो. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून चित्राचे वर्णन लिहिण्यासाठी वेगळी जागा आहे. तेथे ‘जिलबी’ एवढेच लिहून भागणार नाही. दुकानाचे नाव, पत्ता, भाव, वेळ, जे जे चित्रात आहे ते ते लिहावे. मात्र ओळीने दहा फटाक्यांची चित्रे घालू नयेत. फोन बिचारा ‘फटाका’ हा शब्द दहा वेळा वाचतो आणि भाव येईपर्यंत ऐकणारा कंटाळून निघून जातो.

तिसरा आक्षेप सौंदर्याचा : अशाने जाहिरातीची शोभा जाईल. पण चित्र काढून टाका, असे कोणीच म्हणत नाही. चित्र राहू द्या, त्याला वाचा द्या, एवढेच मागणे आहे.

कायदाही आता या बाजूने उभा राहू लागला आहे. २०१६ च्या अधिनियमातील ४२ वे कलम सांगते की ध्वनी, मुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर दिव्यांगांना सुगम व्हावा यासाठी सरकारने उपाय योजावेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की सुगमतेचे नियम हे नुसते सल्ले असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग मानला. तेथे प्रश्न होता बँकेसारख्या ठिकाणी ओळख पटवताना डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याचा. ॲसिड-हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांनी ती कशी करावी, हे यंत्र बनवणाऱ्याच्या ध्यानीच आले नव्हते. आपल्या जाहिरातींचेही दुखणे हेच आहे. कोणी मुद्दाम दार लावत नाही. दाराबाहेर कोणी उभे असेल, हेच ध्यानात येत नाही.

परंतु कायद्याच्या धाकाने लिहिलेल्या चार ओळी आणि आपणहून लिहिलेल्या चार ओळी यांत अंतर असते. आपण ‘अपंग’ हा शब्द सोडून ‘दिव्यांग’ हा शब्द घेतला. नाव मोठे केले. व्यवहार तेवढाच राहिला, तर या मोठ्या नावाचा काय उपयोग?

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेले लेख आहेत. त्यांत अरबी आहे आणि संस्कृतही आहे. एका लिपीचा वाचक दुसऱ्या लिपीपाशी अडून राहू नये, ही जाण त्या काळच्या राजालाही होती असे ते दगड पाहून वाटते. आपल्या या अंकाला मराठी विभाग आहे आणि कानडी विभाग आहे, तोही त्याच जाणिवेने. आणि गंमत पाहा : १९५१ पासून चालत आलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठीचा ‘क’ आणि कानडीचा ‘क’ एकाच ठिपक्यांनी लिहितात. आपल्या डोळ्यांना ज्या दोन लिप्या वेगळ्या दिसतात, त्या अंध वाचकाच्या बोटांखाली केव्हाच एक झाल्या आहेत. आपणच काय ते मागे राहिलो.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकीच कोणी घरच्या दुकानाची जाहिरात तयार कराल, कोणी एखाद्या कंपनीची कराल. स्नेहसंमेलनाची आमंत्रणे तर आजच करीत आहात. प्राध्यापकांनी परीक्षेच्या सूचनेचा फोटो पाठवण्याऐवजी सूचनाच टंकित करून पाठवावी. संपादक मंडळाने या अंकाची संगणकीय प्रत युनिकोडमध्ये काढावी. नियम एकच लक्षात ठेवू या : जे चित्रात लिहिले ते अक्षरांत लिहावे आणि जे तोंडाने बोलले तेही अक्षरांत लिहावे. सुरुवात महाविद्यालयाच्या सूचनाफलकापासून करता येईल, आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.