थोरलें भावंड

घरांत एखादें परावलंबी मूल असलें म्हणजे त्याच्या औषधपाण्याची चर्चा सर्वत्र होते. त्याला सांभाळणाऱ्या थोरल्या भावंडाचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. त्या भावंडाविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यांत हा प्रश्न विशेष जाणवतो. बदलापुराहून मुंबईचें शेवटचें स्थानक सुमारें 68 किलोमीटर. जाऊन येऊन तीन तास लोकलगाडींत जातात. सकाळीं बाहेर पडलेले आईबाप दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळांत धाकट्याला भरवणें, त्याचे कपडे बदलणें, फीट आली तर सांवरणें, हें सारें दहाबारा वर्षांच्या बहिणीवर येतें. भरल्या घरांतहि फार निराळें घडत नाहीं. आजी थकलेली, काकू स्वयंपाकांत. आणि 'त्याला तिचीच सवय आहे' एवढें म्हटलें कीं सर्वांची सुटका होते. तिची मात्र होत नाहीं.

अशा मुलीचें कौतुक पुष्कळ होतें. 'किती समंजस पोर!' असें पाहुणे म्हणतात. आमच्या मतें या कौतुकांतच धोका आहे. समंजस ठरलेल्या मुलीस कंटाळा आल्याचें बोलतां येत नाहीं. सहल चुकली, शिकवणी बुडाली, तरी तिनें रुसूं नये, अशी सर्वांची अपेक्षा; आणि मनांत राग आलाच, तर तिला स्वतःचीच लाज वाटते. माया आणि थकवा एकाच मनांत नांदूं शकतात, हें तिला घरच्या वडीलधाऱ्यांनीं सांगितलें पाहिजे.

कोणी आळंदीच्या भावंडांचा दाखला देतील. आईबापांमागें निवृत्तिनाथांनीं धाकट्यांस सांभाळलें, अशी परंपरा आहे खरी. पण तीं चारहि भावंडें एकमेकांचा आधार होतीं, हें विसरूं नये. तेव्हां कर्त्या माणसांनीं कामाची वांटणी करावी. आठवड्यांतून दोन संध्याकाळीं काकांनीं किंवा चुलतभावानें धाकट्याजवळ बसावें, आणि त्या वेळा शाळेच्या वेळेइतक्याच अढळ मानाव्या.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. 'आमच्यामागें तूंच आहेस' हें वाक्य अशा मुलीच्या कानांवर लहानपणापासून पडत असतें. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीस 18 वर्षांनंतर पालक नेमण्यासाठीं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करतां येतो. तो पालक भावंडच असला पाहिजे, असें त्या कायद्यांत कोठेंहि नाहीं. आईबापांनीं ही तजवीज हातपाय धड आहेत तोंवर करावी. मुलगी सज्ञान झाल्यावर तिला विचारावें, आणि ती 'नाहीं' म्हणाली तर तिला कृतघ्न ठरवूं नये.

आमच्या वाचकांच्या घरीं असें एखादें लेकरूं असेल, तर येत्या रविवारीं त्याला सबंध दुपार मोकळी द्यावी. आणि परत आल्यावर 'कोठें होतीस?' असें कोणी दरडावूं नये.