यात्रा आणि नित्यपूजा

क्रिकेटवर जीव ओवाळून टाकणाऱ्या शहरास व्यावसायिक फुटबॉल संघ पोसता येईल काय? नवी मुंबईत या प्रश्नाची परीक्षा एकदा होऊन गेली आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्याच क्रीडांगणास २०१४ साली ‘मुंबई सिटी’ या फुटबॉल संघाने आपले घर केले होते. परंतु दोन हंगामांनंतर, २०१६ साली, तो अंधेरीस गेला.

क्रिकेट दुसऱ्या खेळास वाढू देत नाही, असे यावरून कित्येक जण म्हणतील. मला ते पटत नाही. कोलकात्यास क्रिकेटचे वेड काय कमी आहे? तरीही १८८९ साली स्थापन झालेल्या मोहन बागानवर तेथील घराणी पिढ्यान्‌पिढ्या प्रेम करीत आली आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने नेरूळला झाले, तेव्हा प्रेक्षकांची रीघ लागली होती. मग उणे कशाचे? यात्रेला गर्दी लोटते. पण देऊळ चालते ते नित्यपूजेवर. संघ हरत असतानाही जे नेमाने येतात, तेच त्याला जगवितात.

असा प्रेक्षक जाहिरातींनी मिळत नाही. लहानपणी जो स्वतः चेंडूमागे धावला, तोच पुढे ओढीने येतो. म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूर येथील मैदाने आठवड्यातून दोन दिवस तरी फुटबॉलसाठी राखून ठेवावीत. क्रीडांगण पैशाने उभे राहते. प्रेक्षक घडण्यास एक पिढी लागते. संघ मागण्यापूर्वी ती पिढी आपण घडविली पाहिजे.