पुराची नाव, विजेची मोटर आणि चंद्याचा पैसा

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडण्यात आले आणि सिंहगड रोडवरील एकता नगरीत पाणी शिरले. लोकांना नावांतून बाहेर काढावे लागले. मोहल्ल्यासाठी हवेची छोटी नाव घ्यावी, तिला विजेची मोटर लावावी, हा आपल्या नौजवानांचा विचार नेक आहे. पण पैसा चंद्याचा, म्हणजे अमानत आहे. म्हणून हा मशविरा.

पहिली गोष्ट. ही मोटर हॉर्सपॉवरवर नव्हे, पौंडातील रेट्यावर विकली जाते. ढोबळ हिशोब असा की भरल्या नावेच्या दर १०० पौंड वजनाला किमान २ पौंड रेटा हवा. नाव, चार माणसे व बॅटरी मिळून ३५० किलो, म्हणजे सुमारे ७७० पौंड धरले तर १६ पौंड पुरतात. वारा व गर्दीसाठी ४० ते ५५ पौंडांची मोटर घ्यावी. त्याहून मोठी घेऊन वेग फारसा वाढत नाही. अशी नाव ताशी पाच-सहा किलोमीटरच चालते.

दुसरी गोष्ट बॅटरीची. ५५ पौंडांची मोटर पूर्ण जोरात १२ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर खाते. १०० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे जेमतेम तासभर. मोटारीची बॅटरी फक्त इंजिन सुरू करण्यासाठी असते, ती या कामी लवकर मरते. इन्व्हर्टरची बॅटरी जड, आणि कलंडली तर तेजाब सांडते. जुन्या बाजारातील स्वस्त माल तर नकोच. लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग, पण वजन निम्म्याहून कमी आणि वापर जास्त. तारेवर फ्यूज हवाच.

नावेच्या कापडाबद्दल आम्ही कापडवाले सांगू शकतो. नुसते जाड प्लॅस्टिक घेऊ नये. आत पॉलिस्टरचे विणकाम आणि वर पीव्हीसीचा थर असलेले कापड पाहावे, डेनिअर विचारावे. मागे मोटर बसवायला मजबूत फळी हवी. पंखा जलपर्णीत न अडकणारा आणि दांडी वर-खाली होणारी असावी, कारण गल्लीत पाणी कुठे गुडघाभर तर कुठे छातीभर असते.

आता आमचे स्पष्ट मत. ही नाव साचलेल्या पाण्यासाठी आहे. तिथे ती पेट्रोलच्या इंजिनापेक्षा चांगली. आवाज नाही, त्यामुळे घरातून मारलेली हाक ऐकू येते. पण वाहत्या मुठेत किंवा २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीसारख्या आंबिल ओढ्याच्या लोंढ्यात ती घालणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. तिथे अग्निशमन दलाचेच काम.

आणि वाचकहो, वर्षभर कोपऱ्यात पडलेली शिशाची बॅटरी ऐन पुरात दगा देते. ती दरमहा कोण चार्ज करणार, लाइफ जॅकेट किती घेणार, हे आधी कागदावर लिहा. मग चंद्याची पावती फाडा.